पाळीव कासवांमधले विषाणू आणि जिवाणू संसर्ग कसे ओळखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कासव आजारी आहे हे कळतं कशावरून?

उशिरा कळतं, हीच खरी अडचण. कासव आठवडेच्या आठवडे दुखणं अंगावर काढतं आणि आपल्या लक्षात येईपर्यंत संसर्ग बराच पुढे गेलेला असतो. म्हणून नजरेपेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. पाण्यातलं कासव आधी पुसून घ्या, नाहीतर कवचावरचं पाणीही मोजलं जातं. शीतनिद्रा किंवा अंडी घालणं असं काही कारण नसताना महिन्याभरात दहाएक टक्के वजन उतरलं, तर बाकी काही दिसत नसलं तरी डॉक्टर गाठा.

दिसणाऱ्या खुणा म्हणजे नाकाशी येणारे बुडबुडे, सुजलेल्या पापण्या, तोंड उघडं ठेवून मान ताणत घेतलेला श्वास, पाण्यात एका अंगाला कलणं, ऊन घ्यायला बाहेर न येणं किंवा उलट पाण्यात उतरायलाच तयार नसणं. यातली एकही खूण अमुक एका जंतूची म्हणून सांगता येत नाही.

नाक गळतंय. विषाणू की जिवाणू?

नुसतं बघून सांगता येणार नाही, आणि फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जमिनीवरच्या कासवाचं नाक मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे गळतं, हर्पिसमुळे गळतं, रानाव्हायरसमुळे गळतं, पिकोर्नाव्हायरसमुळे गळतं. धुळकट भुशामुळे, नाकात अडकलेल्या काडीमुळे किंवा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही गळतं. दोन गोष्टी मिळून असणंही नेहमीचं आहे. विषाणूने नाकाचं अस्तर खरवडलं की एरवी गुण्यागोविंदाने राहणारे जिवाणू आत शिरतात. मग कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीत, जिवाणू सापडतो, अँटिबायोटिकने आठवडाभर बरं वाटतं आणि औषध थांबलं की नाक पुन्हा वाहू लागतं. असं दोनदा झालं असेल तर मूळ दुखणं विषाणू, मायकोप्लाझ्मा किंवा राहणीतला दोष आहे असं धरून पुढचा तपास करावा.

एक जुजबी खूण मात्र उपयोगी पडते. एकच कासव आणि एकच नाकपुडी गळत असेल तर काडी, बी किंवा गळू यांचा विचार आधी करा. एकाच जागेत राहणारी तीन-चार कासवं पाठोपाठ आजारी पडली, त्यातही नुकतंच नवं कासव आणलेलं असेल, तर संसर्गजन्य रोगाचा संशय आधी.

डॉक्टर तपासणीआधी तापमान का विचारतात?

कारण कासवाची प्रतिकारशक्ती बाहेरच्या उष्णतेवर चालते. योग्य तापमानापेक्षा ५-६ अंश कमी तापमानात ठेवलेल्या कासवाच्या पांढऱ्या पेशी मंदावतात, अँटिबॉडी उशिरा तयार होतात, औषध शरीरात नीट फिरत नाही. लाल कानांच्या स्लायडर जातीवर झालेल्या प्रयोगात रानाव्हायरसने २८ अंशांपेक्षा २२ अंश सेल्सिअसला ठेवलेली कासवं जास्त मेली. विषाणू तोच होता, फरक तापमानाचा.

जाताना हा तपशील लिहून न्या: पाण्याचं तापमान, ऊन घेण्याच्या जागेचं तापमान, रात्रीचं सर्वांत कमी तापमान, यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा केव्हा बदलला, आहार, पाणी किती दिवसांनी बदलता. आकडे थर्मामीटरने घेतलेले असावेत. टाकीच्या काचेवर चिकटवलेली पट्टी काचेचं तापमान दाखवते, कासवाच्या पाठीवरचं नाही.

कोणते विषाणू खरोखर आढळतात?

जमिनीवरच्या कासवांत सर्वांत जास्त धास्ती हर्पिसची. टेस्टुडिनिड हर्पिसव्हायरसचे चार प्रकार नोंदलेले आहेत. प्रकार १ रशियन कासवांत वारंवार सापडतो. प्रकार ३ हर्मन जातीला फार जड जातो, आणि ग्रीक कासवं तोच विषाणू लक्षणं न दाखवता बाळगू शकतात. म्हणून वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवण्याचा हट्ट महागात पडतो. एकदा शिरलेला हर्पिस आयुष्यभर शरीरात राहतो आणि ताण आला, शीतनिद्रा संपली किंवा जागा बदलली की डोकं वर काढतो.

रानाव्हायरस बॉक्स कासवांत जास्त घातक ठरलेला आहे. पापण्या आणि मान सुजणं, नाका-तोंडातून स्राव, तोंडात चट्टे आणि काही दिवसांत मृत्यू. हा विषाणू बेडूक आणि मासे यांच्यातही फिरतो. बाहेरच्या डबक्यातलं पाणी किंवा बेडूक कासवांच्या जागेत येत असतील तर तो मार्ग गृहीत धरा. लहान कासवाचं कवच चांगला आहार आणि यूव्हीबी असूनही मऊ पडत असेल तर कॅल्शियमसोबत पिकोर्नाव्हायरसचीही चाचणी करावी. प्रयोगशाळांच्या जुन्या अहवालांत त्याचं नाव ‘व्हायरस एक्स’ असं दिसतं. अॅडेनोव्हायरस तुलनेने क्वचित, पण काही जातींत जीवघेणा.

तोंडात पिवळट पांढरे चट्टे आहेत. याला हर्पिसच म्हणायचं का?

हर्पिसची ती ठळक खूण आहे खरी, पण एकट्या हर्पिसची नाही. जिवाणूंमुळे तोंड येतं, रानाव्हायरसमुळे येतं, चोचीला लागलेली जखम चिघळूनही येतं. हर्पिसचे चट्टे जिभेवर आणि टाळूवर जाड सालीसारखे बसतात, श्वासनलिकेच्या तोंडापर्यंत पसरतात, आणि उचलले की खाली रक्ताळलेला भाग दिसतो. फक्त चोचीच्या कडेला, एका बाजूला असलेला चट्टा बहुधा जखमेतून आलेला असतो.

तोंड उघडताना जबड्यावर जोर देऊ नका. खालच्या चोचीच्या टोकावर हलकं दाबलं की बहुतेक कासवं तोंड उघडतात. उघडत नसेल तर ते काम दवाखान्यात, गुंगी देऊन. घरी चट्टे खरवडून आयोडीन लावणं हा सर्रास होणारा उद्योग आहे. त्याने कासवाला दुखतं, चट्टा निघतो आणि त्यासोबत नमुनाही जातो.

पीसीआरसाठी स्वॅब कसा घ्यायचा?

पीसीआर म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, आणि स्वॅब म्हणजे काडीने पुसून घेतलेला नमुना. तो शक्यतो डॉक्टरांनीच घ्यावा, पण कसा घेतात हे माहीत असलं की चुका टळतात. काडी प्लॅस्टिकची किंवा तारेची आणि टोक पॉलिएस्टरचं हवं. लाकडी काडीतली द्रव्यं आणि कॅल्शियम अल्जिनेटचं टोक पीसीआरच्या रसायनक्रियेत अडथळा आणतात. मग विषाणू असूनही ‘निगेटिव्ह’ येतं. जीभ, टाळू आणि घशाची मागची बाजू यांवर काडी घोळवून घासायची. नुसती लाळ नको, अस्तराच्या पेशी यायला हव्यात. चट्टे असतील तर चट्ट्याच्या मधोमध नव्हे, जिवंत आणि मेलेल्या भागाच्या सीमेवर घासा. मधे नुसता मेलेला मळ असतो. रानाव्हायरससाठी तोंडाबरोबर क्लोएकाचा (मलमूत्र आणि अंडी जिथून बाहेर पडतात त्या मार्गाचा) स्वॅब आणि थोडं रक्तही पाठवतात.

प्रत्येक कासवासाठी नवे हातमोजे, नवी नळी, नळीवर कासवाची खूण आणि तारीख. कोरडा स्वॅब की विषाणूंसाठीच्या द्रवात, हे लॅबला आधीच विचारा. जिवाणू-कल्चरसाठीच्या जेलीतला स्वॅब पीसीआरला चालेलच असं नाही. नमुना ४ अंशांना फ्रिजमध्ये ठेवून दोनेक दिवसांत पोहोचवावा. उशीर होणार असेल तर गोठवून. गाडीत उन्हात राहिलेली नळी पाठवण्यात अर्थ नाही.

मायकोप्लाझ्माची चाचणी वेगळी का करावी लागते?

नेहमीच्या कल्चरमध्ये तो दिसतच नाही म्हणून. मायकोप्लाझ्माला पेशीभित्ती नसते, त्याला खास माध्यम लागतं आणि वाढायला आठवडे घेतो. त्यामुळे ‘कल्चर निगेटिव्ह’ या शब्दांवर मायकोप्लाझ्माला सोडून देता येत नाही. कासवांत मुख्यतः मायकोप्लाझ्मा अगासिझी आणि मायकोप्लाझ्मा टेस्टुडिनियम हे दोन बघतात. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटी कासवांतल्या श्वसनरोगाशी या दोघांचं नाव जोडलेलं आहे.

नमुन्यासाठी नाक धुऊन घेणं स्वॅबपेक्षा चांगलं, कारण जंतू नाकाच्या आतल्या पोकळीत असतो आणि नाकपुडीत काडी फार आत जात नाही. मध्यम आकाराच्या कासवाच्या नाकपुडीत मऊ नळीने १ ते ३ मिली निर्जंतुक सलाईन सोडतात, डोकं खाली झुकवलेलं ठेवतात आणि परत येणारं पाणी झेलून पीसीआरला देतात. पेशीभित्ती नसल्यामुळे पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं इथे निरुपयोगी. ‘अँटिबायोटिक देऊनही फरक नाही’ म्हणत आलेल्या कासवाला दिलेलं औषध कोणतं, हे म्हणून आधी विचारतात.

कल्चरमध्ये स्यूडोमोनास आला. म्हणजे निदान झालं?

अजून नाही. एरोमोनास, स्यूडोमोनास, सिट्रोबॅक्टर, क्लेब्सिएला, प्रोटियस, मॉर्गनेला ही मंडळी टाकीच्या पाण्यात आणि निरोगी कासवाच्या तोंडात, क्लोएकात असतातच. तोंडाच्या किंवा क्लोएकाच्या स्वॅबमध्ये ती सापडली तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. जिथे एरवी जंतू असूच नयेत अशा जागेतून, म्हणजे रक्त, सांध्यातलं पाणी, फुप्फुस धुतलेला द्रव किंवा बंद गळवाच्या भिंतीतून जिवाणू वाढला आणि त्याच नमुन्याच्या काचपट्टीवर पांढऱ्या पेशींनी गिळलेले जिवाणू दिसले, तर तो दोषी मानायला आधार आहे.

गळवाचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. कासवाच्या कानाच्या जागी फुगवटा येतो, आत पू असेल म्हणून सुई घातली तर काहीच येत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी द्रव्यं कमी असतात, त्यामुळे तिथे मेणासारखा घट्ट, थरांचा गोळा तयार होतो. गोळ्याच्या गाभ्यातले जंतू बहुतेक मेलेले असतात, आणि तिथला स्वॅब ‘वाढ नाही’ असं उत्तर देतो. नमुना घ्यायचा तो गोळा काढल्यावर उरलेल्या पिशवीच्या आतल्या भिंतीचा. दोन्ही कान फुगले असतील तर जंतूंसोबत अ जीवनसत्त्वाची कमतरताही तपासा. तिच्यामुळे कानाच्या नळीचं अस्तर जाड होऊन वाट बुजते.

लॅबला तीन गोष्टी कळवायला विसरू नका: नमुना सरपटणाऱ्या प्राण्याचा आहे, तो ३७ अंशांसोबत २५ ते ३० अंशांनाही वाढवायचा आहे, आणि ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणूही बघायचे आहेत. आणि कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. कासव तग धरून असेल तर नमुन्यासाठी एक दिवस थांबणं परवडतं. ते मरणपंथाला लागलं असेल तर नमुना आणि औषध एकाच भेटीत.

रक्ततपासणीतून काय कळतं?

संसर्ग आहे का, शरीर झुंजतंय का, यकृत आणि मूत्रपिंडं किती बिघडली आहेत, एवढं कळतं. जंतूचं नाव सहसा कळत नाही. हेटेरोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी वाढलेल्या आणि त्यांत विषारी बदल, म्हणजे पेशी बिघडल्याच्या खुणा, दिसत असतील तर जिवाणू-संसर्गाची शक्यता वाढते. आकडा नॉर्मल असूनही पेशी बिघडलेल्या दिसू शकतात, म्हणून काचपट्टी स्वतः बघणारा माणूस हवा. कासवाच्या लाल पेशींना केंद्रक असतं. माणसांच्या रक्ताचं यंत्र त्यांना पांढऱ्या पेशी समजून भलतेच आकडे देतं. मोजणी हातानेच करावी लागते.

रक्त शक्यतो मानेच्या उजव्या शिरेतून घेतात. कवचाखालच्या शिरेतून घेताना लसिका (शरीरातला पातळ, फिकट द्रव) मिसळते आणि सगळे आकडे पातळ होतात. नमुना फिकट दिसला तर तो टाकून द्यावा. १०० ग्रॅम वजनामागे ०.५ ते ०.८ मिलीपेक्षा जास्त काढत नाहीत, आजारी प्राण्यातून त्याहूनही कमी. रक्त गोठू नये म्हणून नळी लिथियम हेपॅरिनची, कारण त्याच कामाच्या ईडीटीएमुळे बऱ्याच कासवांच्या लाल पेशी फुटतात. काचपट्टी मात्र हेपॅरिन न लागलेल्या ताज्या थेंबाची करायची.

पीसीआर निगेटिव्ह आली. कासव निर्धोक?

त्या दिवशी, त्या जागेवरच्या नमुन्यात विषाणू सापडला नाही, इतकाच त्याचा अर्थ. हर्पिस मज्जासंस्थेत दडून बसतो आणि अधूनमधूनच तोंडावाटे बाहेर पडतो. लक्षणं असताना घेतलेला स्वॅब सर्वांत भरवशाचा. धडधाकट दिसणाऱ्या कासवाची एकच निगेटिव्ह चाचणी हातात घेऊन त्याला बाकीच्यांत सोडणं हा जुगार आहे.

मग अँटिबॉडी चाचणी का करायची?

पीसीआर जिथे कमी पडते तिथे ती उपयोगी पडते. हर्पिसच्या अँटिबॉडी सापडल्या की कासवाला कधीतरी संसर्ग झाला होता आणि ते वाहक आहे असंच धरायचं, मग पीसीआर काहीही म्हणो. उलट बाजूने सांभाळून: ताज्या संसर्गात अँटिबॉडी दिसायला ६ ते ८ आठवडे लागू शकतात, थंडीत ठेवलेल्या कासवात आणखी. म्हणून दोन चाचण्या, मध्ये किमान ८ आठवडे. चाचणी हर्पिसच्या कोणत्या प्रकारावर बेतलेली आहे हेही विचारा. प्रकार ३ साठीची चाचणी प्रकार १ चुकवू शकते. मायकोप्लाझ्मासाठी एलायझा ही अँटिबॉडी चाचणी वापरतात.

पाण्यात कासव वाकडं तरंगतंय. न्यूमोनिया का?

शक्यता मोठी आहे. एका फुप्फुसात द्रव साचला की ती बाजू जड होऊन खाली जाते. पण आतड्यात वायू धरला तरी कासव कलतं. एक्स-रेमध्ये फरक कळतो, मात्र फक्त वरून काढलेला एक फोटो पुरत नाही. फुप्फुसांवर आतडी आणि कवच यांची सावली पडते. किरण आडवे सोडून समोरून आणि बाजूने असे आणखी दोन हवेत. समोरून घेतलेल्या चित्रात डावं-उजवं फुप्फुस शेजारी दिसतं, आणि एक काळं, एक धुरकट असेल तर नवख्यालाही ओळखता येतं. शक्य असेल तर सीटी स्कॅन सर्वांत स्पष्ट. जंतू कोणता, ते फुप्फुस धुऊन घेतलेल्या द्रवावरूनच ठरतं.

कवचावर खड्डे पडलेत, वास येतोय. हा कोणता रोग?

सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडाय आणि त्याच्या जोडीला इतर जिवाणू पाण्यातल्या कासवांत कवचाचे व्रण करतात आणि तिथून रक्तात उतरतात. पण बुरशीही तसाच खड्डा पाडते. एमायडोमायसीस टेस्टाव्होरान्स ही कवच पोखरणारी बुरशी २०१९ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन झाली. ती साध्या कल्चरमध्ये सहज हाती लागत नाही. म्हणून वरवर पुसलेला स्वॅब न पाठवता, मेलेला थर काढून त्याखालचा तुकडा हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींची तपासणी), जिवाणू आणि बुरशी अशा तिन्ही तपासण्यांना द्यावा.

पोटकवचावर शिवणींच्या आसपास लाली पसरत असेल, कासव निपचित असेल, तर रक्तात जंतू गेल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही जातींची पिल्लं मुळातच लालसर असतात. जुना फोटो जवळ असला की घोटाळा होत नाही.

घरी अँटिबायोटिक सुरू केलं तर?

निदानाची वाट बंद होते, आणि बरेचदा मात्राही चुकते. कासवात औषध फार हळू बाहेर पडतं. सेफ्टाझिडिमसारखं इंजेक्शन ७२ तासांतून एकदा देतात. माणसांच्या वेळापत्रकाने दिलं तर मूत्रपिंडांवर बोजा पडतो. एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत लिहून ठेवा: आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नये, त्याने ते लुळं पडून मरू शकतं. डोळे सुजले म्हणून अ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देणंही तितकंच बेताल. जास्त झालं तर कातडी सोलून निघते. डॉक्टर मिळेपर्यंत कासव वेगळं, कोरडं आणि योग्य उबेत ठेवणं एवढंच करावं. पाण्यातल्या कासवाला रोज थोडा वेळ उथळ कोमट पाण्यात सोडा.

साल्मोनेला निघाला तर उपचार करायचे का?

लक्षणं नसतील तर नाही. तो निरोगी कासवाच्या आतड्यातही राहतो, अधूनमधून बाहेर पडतो, अँटिबायोटिकने पुरता जात नाही. उलट औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. निगेटिव्ह अहवालावरही विसंबू नका, प्रत्येक कासव वाहक समजून वागा. अमेरिकेत लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे १९७५ पासून ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. हात साबणाने धुवायचे, टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही, पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू द्यायचं नाही.

नवं कासव किती दिवस वेगळं ठेवायचं?

किमान ९० दिवस, जमिनीवरच्या कासवांना सहा महिने बरे, आणि त्या काळात वर सांगितलेल्या दोन अँटिबॉडी चाचण्या. वेगळं म्हणजे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी जाळी. रोजच्या कामात त्याची पाळी शेवटी. रानाव्हायरस ३ टक्के ब्लीचने किंवा ०.७५ टक्के क्लोरहेक्सिडीनने मिनिटभरात निष्क्रिय होतो, पोटॅशियम परमँगनेटने होत नाही. घाण आणि शेवाळ आधी घासून काढा, मळावर ओतलेलं ब्लीच मळातच संपतं.

कासव मेलं. आता तपासून काय उपयोग?

बाकीची कासवं असतील तर याइतका उपयोगी नमुना दुसरा मिळणार नाही. शव पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठताना पेशी फुटतात आणि हिस्टोपॅथॉलॉजीत काही वाचता येत नाही. शक्यतो २४ तासांत पोहोचवा. शवविच्छेदनात जीभ, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, फुप्फुस यांचे दोन-दोन तुकडे घ्यायला सांगा: एक संच १० टक्के फॉर्मालिनमध्ये, तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नसावा आणि फॉर्मालिन त्याच्या दहापट, दुसरा संच फॉर्मालिन न लावता गोठवलेला, पीसीआरसाठी. हर्पिसच्या खुणा पेशींच्या केंद्रकात दिसतात, रानाव्हायरसच्या केंद्रकाबाहेर. पॅथॉलॉजिस्टने असं काही लिहिलं की गोठवलेल्या तुकड्यावर नेमकी तीच पीसीआर करून घ्यायची. पहिल्या अहवालात नुसता ‘जिवाणूंमुळे सेप्टिसीमिया’ (रक्तात पसरलेला संसर्ग) असला तरी गोठवलेले तुकडे लगेच टाकू नका, उरलेल्या कासवांचं विलगीकरण संपेपर्यंत लॅबला ते सांभाळून ठेवायला सांगा.